दिवाळी अंकातील दोन परिच्छेद: काढावेत की ठेवावेत?

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक मी गेली सहा वर्षे संपादित करते आहे. अंक लहान आहे, चारशे प्रतींचा, आणि जाहिराती बहुतेक गावातल्याच दुकानदारांच्या असतात. यंदा एका निवृत्त शिक्षकांनी पशुबळीवर लेख दिला आहे. सात वर्षांचे असताना त्यांनी स्वतः वाढवलेला बोकड आजीच्या नवसासाठी यात्रेला नेण्यात आला. बैलगाडीत त्या बोकडाने त्यांच्या सदऱ्याचे बटण चघळून तोडले आणि ते ओले बटण मुठीत धरून ते संध्याकाळी घरी परतले, इथून लेखाची सुरुवात होते. पुढे एक परिच्छेद देवीच्या यात्रेतील बळीवर आहे आणि एक शेजारच्या दर्ग्याच्या उरुसातील कंदुरीवर, म्हणजे नवसाचा बोकड कापून दिलेल्या जेवणावर. दोन्ही ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: नवस आपला, मग जीव दुसऱ्याचा का?

मुद्रकांकडून प्रुफे आली तेव्हा या दोन्ही परिच्छेदांच्या समासात लाल पेन्सिलने 'हे हवेच का?' असे लिहिलेले होते. संपादन समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी यात्रेचा परिच्छेद काढण्याची सूचना केली आणि दुसऱ्यांनी उरुसाचा. दोघांचेही कारण एकच होते: उगाच कोणी दुखावले गेले आणि चार पोरे वाचनालयावर चालून आली, तर निस्तरणार कोण? त्यातच कोणीतरी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे नाव घेतले आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ते आमच्याच जिल्ह्याचे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या दिवशी लेखक महाशय शाळेत होते आणि बातमी कळल्यावर त्यांना वर्ग पुढे घेता आला नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा लेखावरून खरोखर गुन्हा दाखल होऊ शकतो का? आणि भीतीपोटी मजकूर काढणे याला जबाबदारपणा म्हणावे की दुसरे काही?

न्यायप्रविष्ट

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण ज्या कलमाची भीती सगळ्यांना वाटते त्याचा जन्मच अशा एका प्रकरणातून झाला आहे. लाहोरमध्ये राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांविषयी एक निंदात्मक पुस्तिका छापली. त्या वेळच्या कायद्यात 'दोन समाजांत वैर पसरवणे' हा गुन्हा होता, पण एखाद्या धर्माचा अपमान करणे या स्वरूपाचा गुन्हा नव्हता, म्हणून १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्यातून उसळलेल्या क्षोभानंतर त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत २९५अ हे कलम घालण्यात आले. त्या चर्चेत जिना यांनीही असा आग्रह धरला होता की इतिहासलेखन करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण मिळालेच पाहिजे. म्हणून या कलमात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत, आणि तुमच्या लेखाचे सारे संरक्षण याच शब्दांत आहे. कलम आले, तरी एप्रिल १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झालाच, हेही विसरता येत नाही.

आता त्याच आशयाचे कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण अनवधानाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान त्याच्या कक्षेत येत नाही, असेही स्पष्ट केले. १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यातील निकाल मला याहून मोलाचा वाटतो. मोर्चे निघतील, हिंसा होईल, अशा धमक्यांपोटी अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तसे करणे म्हणजे कायद्याच्या राज्याने धमकीपुढे शरण जाणे होय, आणि बोलणाऱ्याला संरक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तिथे न्यायालयाने बजावले. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली गेली: तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, शब्दांवरूनच तक्रार असेल, तर पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवण्याऐवजी आधी प्राथमिक चौकशी करणे उचित आहे, आणि शब्दांचा परिणाम खंबीर व समंजस माणसाच्या मापाने मोजावा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने मोजू नये. हे माप आपल्याकडचेच आहे, न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात असताना १९४६ मध्ये ते घालून दिले होते.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. न्यायालय लेख संपूर्ण वाचते. दोन्ही परिच्छेद असताना तो लेख एका प्रथेविषयी आहे. त्यांपैकी एकच काढलात, तर तो एका धर्माविषयीचा होतो. सावधगिरी म्हणून जे करायचे म्हणता, त्यानेच कायद्याच्या दृष्टीने लेख अधिक उघडा पडेल. कोणताही एक परिच्छेद काढू नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे.

जुना खिळा

वकीलसाहेबांचे सगळे म्हणणे मान्य. पण समासात लाल पेन्सिल फिरवणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे, म्हणून लिहितो. मी खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे, आता ऑफसेटवर काम करतो. पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. लेखक गावात नसतो, संपादक घरी असतो, आणि रस्त्यावरचे शटर मात्र मुद्रकाचे असते. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून पुण्यात गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा दिल्लीतल्या मुद्रकाला अटक झाली होती. पुढे एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, पुस्तकावरची बंदीही आधी उच्च न्यायालयाने उठवली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जी कपाटे उलथली गेली आणि जी हस्तलिखिते पायदळी आली, ती कोणत्याही निकालाने जशीच्या तशी परत आली नाहीत. त्या संस्थेने पुस्तक लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. आभाराच्या पानावर तिचे नाव होते, एवढेच.

काही वर्षांपूर्वी मी एका व्याख्यानमालेचे हस्तपत्रक छापले. विषय धर्मचिकित्सेचा होता. संध्याकाळी सहा-सात जण आले. त्यांनी मारहाण केली नाही, शिवीगाळही केली नाही. एकाने कटिंग मशीनवर हात ठेवून 'हे केवढ्याला पडलं हो?' एवढेच विचारले आणि ते निघून गेले. त्या रात्री मी उरलेली पत्रके स्वतः रद्दीत घातली. आयोजकांना मशीन बिघडल्याचे सांगितले. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

म्हणून ताई, तुमच्या मुद्रकांना भित्रे ठरवू नका. त्यांच्याकडे जाऊन बसा. मजकुराची संपूर्ण जबाबदारी संपादन समितीची आहे, असे लेखी पत्र सर्वांच्या सह्यांनिशी त्यांना द्या. कायद्याने त्यांचे उत्तरदायित्व पूर्ण संपणार नाही, पण आपण एकटे नाही हे माणसाला कळते. माझ्याकडे तसे पत्र घेऊन कोणी आले असते, तर ती पत्रके रद्दीत गेली नसती, असे मला मनापासून वाटते.

शाहीन_मिरज

उरुसाचा परिच्छेद काढावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो माझ्यासारख्यांच्या भावना जपण्यासाठी सुचवला असेल, असे मी गृहीत धरते. म्हणूनच कळकळीने सांगते की आमच्या नावाने तो काढू नका. कंदुरी काही केवळ मुसलमानांची नाही. आमच्या भागात कित्येक हिंदू घराण्यांची कंदुरी पिढ्यान्‌पिढ्या दर्ग्यावर होते. उलट देवाच्या जत्रेत बोकड कापायला गावचा मुलाणी लागतो, आणि ते त्याच्याकडे वतनाने आलेले काम असते. माझे आजोळ मुलाण्यांचे. आजोबांची सुरी दारामागे कापडात गुंडाळून ठेवलेली असे आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. जत्रा झाली की दोन दिवस ते जेवत नसत. कारण कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. अशा सामायिक प्रथेवर लिहिताना 'कोणाच्या भावना' हा प्रश्न परिच्छेदांची वाटणी करून कसा सुटेल?

भीतीविषयी सांगायचे, तर २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल पेटली, ते दिवस मी पाहिले आहेत. ज्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्या गावात लोक एकमेकांच्या गल्लीतून जायला घाबरत होते. तेव्हा चित्र, घोषणा, भाषण यांतून काय होऊ शकते हे मला कोणी शिकवायला नको. परंतु त्यावरचा उपाय म्हणून जे गप्प बसवले जातात, ते बहुधा आगलावे नसतातच. २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसमधील हल्ल्यानंतरच्या बातमीसोबत 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंगसाप्ताहिकाचे पैगंबरांचे व्यंगचित्र असलेले मुखपृष्ठ छापले. त्यांनी माफी मागितली, तरीही अनेक ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले, अटक झाली, आणि ती आवृत्तीच बंद पडली. तक्रारदार आमच्याच समाजातले होते, हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते लिहिलेच पाहिजे.

आणि दुसरी बाजूही याच धाग्यात यायला हवी. धर्माविषयी बोलणाऱ्याला जशी भीती आहे, तशी धर्म अंगावर वागवणाऱ्यालाही आहे. डोक्यावर ओढणी घेतलेली मुलगी वर्गात आली की तिच्यात कट्टरता शोधली जाते. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर बंदी घातली, ती उच्च न्यायालयात टिकली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती देताना, मग टिळा आणि टिकलीही बंद करणार का, असे विचारले. माझ्या दृष्टीने पशुबळी चुकीचा आहे असे लिहिणारे तुमचे गुरुजी आणि ओढणी घेणारी ती मुलगी यांचा हक्क एकाच मुळातून येतो. १९८५ मध्ये केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले होते. ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेत गाणे बसत नव्हते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. त्या मुलांचे मौन आणि तुमच्या गुरुजींचे शब्द, दोन्ही कोणाला तरी खुपणारच.

पायी_वारी

मी श्रद्धाळू माणूस आहे. आमच्या घरी देवीचा नवस आहे आणि आता आम्ही बोकडाऐवजी नारळ देतो. लेख मी वाचलेला नाही, त्यामुळे संपादकांना एकच विचारतो: त्यात नवस फेडणाऱ्या माणसांसाठी काही विशेषण वापरले आहे का? प्रथेला क्रूर म्हटले तर मी ऐकून घेईन, त्यावर विचारही करीन. आमच्या आईला रानटी म्हटलेले मला सहन होणार नाही. तिने पोर जगावे म्हणून नवस बोलला होता. ही कायद्याची गोष्ट नाही, त्यासाठी मी कोणाच्या दारावरही जाणार नाही, पण मला लागेल.

न्यायप्रविष्ट

पायी_वारी यांच्या प्रश्नात कायदाही आहे. प्रथेवर टीका आणि ती पाळणाऱ्या समूहाचा तुच्छतेने उल्लेख, यांतील अंतर न्यायालयेही पाहतात. जाता जाता सांगतो, धार्मिक कारणासाठी प्राणी मारणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २८ नुसार त्या कायद्याखालचा गुन्हा नाही. म्हणजे गुरुजी कोणाला गुन्हेगार म्हणत नाहीत, प्रथा बदलावी असे म्हणत आहेत, आणि तेवढे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल पुन्हा बैठक झाली. पायी_वारी यांचा प्रश्न मी गुरुजींना तसाच वाचून दाखवला. लेखात 'रानटी' हा शब्द एकदा आला होता, यात्रेकरूंसाठी. ते थोडा वेळ प्रुफाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "यात माझी आजीपण आली." त्यांनी स्वतः तो शब्द खोडला. दोन्ही परिच्छेद त्यांनी ठेवले आणि आम्हीही.

मुद्रकांसाठी पत्र तयार केले. सातपैकी सहा जणांनी सही केली. एका सदस्यांनी आपले नाव संपादन मंडळातून वगळण्याची विनंती केली. त्यांचे दुकान बाजारपेठेत आहे, आणि आम्ही कोणतेही स्पष्टीकरण न मागता ते नाव काढले. पत्र घेऊन मी आणि गुरुजी आज मुद्रकांकडे गेलो होतो. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी करून गल्ल्यात ठेवले आणि अंकाच्या शेवटच्या पानावर आपले नाव नेहमीपेक्षा लहान अक्षरात घालू का, असे विचारले. चालेल, असे आम्ही सांगितले.