पहिलं छोटं सीएनसी घेतेय: मशीनबरोबर आणखी काय घ्यावं?

दुर्बीण_सातारा
नमस्कार. सहा इंची आरसा घासून झाला, एफ/८ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). आता दुर्बिणीचे बाकीचे भाग करायचेत: फोकसरची (नेत्रिका पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाची) प्लेट, दुय्यम आरशाचा होल्डर आणि २०० मिमी पीव्हीसी नळीला धरणाऱ्या प्लायच्या दोन कड्या. एकेका तुकड्यासाठी वर्कशॉपमध्ये हेलपाटे घालायचा कंटाळा आलाय आणि हे काम स्वतः शिकायचंही आहे, म्हणून ३०१८ (संगणकाच्या सूचनांवर कापणारं छोटं) मशीन घ्यायचं ठरवलंय. मशीनचे पैसे बाजूला काढले की हातात पंधरा हजार उरतात. चाळीस बिटांचा म्हणजे कटरांचा डबा स्वस्तात मिळतोय. तो घेऊ का? आणखी काय लागेल?

राउटर_नाशिक
अभिनंदन ताई! डबा घेऊन टाका, शिकताना बिटं मोडतातच. ड्रॉइंग आणि टूलपाथ (कटरने चालायची वाट) दोन्ही फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये होतं, पैसे लागत नाहीत. टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहून देणारा पोस्ट प्रोसेसर जीआरबीएलचा (मशीनच्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमचा) निवडा आणि फाइल कँडल या प्रोग्रॅममधून मशीनला पाठवा. फाइलच्या सुरुवातीला जी२१ आहे ना, तेवढं पाहत जा. जी२० असेल तर मशीन सगळे आकडे इंचात धरतं.

टूलरूम_कोल्हापूर
ताई, सॉफ्टवेअरबद्दल नाशिककर म्हणतात ते बरोबर आहे. डब्याबद्दल मात्र माझं मत वेगळं. मी उद्यमनगरात डाय-फिक्श्चरच्या कामात आयुष्य काढलं. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात आधी व्हर्निअर द्यायचो, कटर नंतर. तुमच्या पंधरा हजारांतून आधी मापायचं सामान घ्या, मग जॉब (कापायचा तुकडा) धरायचं. कटर शेवटी.

आधी तुमच्या कड्यांचं बोलतो. या मशीनची चाल ३०० बाय १८०. २०० च्या नळीवरची कडी बाहेरून २४० च्या आसपास जाणार, म्हणजे अख्खी कडी बसतच नाही. अर्ध्या कड्या कापा, २४० बाय १२० मध्ये येतात. प्लायचे दोन थर एकावर एक चिकटवा आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांपासून पाव फेरा फिरवून ठेवा. अशी कडी चांगली मजबूत होते.

मापायला ०.०२ चा साधा स्टीलचा व्हर्निअर, एक चांगला गुण्या, आणि चुंबकी स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक). डायल महाग वाटेल, पण तो टाळू नका. या मशीनची चौकट ॲल्युमिनियमची, तिला चुंबक धरत नाही. म्हणून टेबलावर एक जाड लोखंडी पट्टी टी-नटने (टेबलाच्या खाचेत बसणाऱ्या नटने) आवळा आणि स्टँड तिच्यावर बसवा. कटर बांधला की त्याच्या गुळगुळीत दांड्याला डायल टेकवून स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) हाताने फिरवा. काटा तीन-चार घरांपेक्षा जास्त हलला तर कटर लावू नका. तुमचा कटर दर फेऱ्याला जेमतेम ०.०३ मिमी खाणार आहे, त्यात ०.०५ चा रनआउट (फिरताना कटरची डगमग) असेल तर बारीक कटर टिकत नाही. बहुतेक वेळा कोलेटमध्ये (कटरचा दांडा आवळून धरणाऱ्या चिमट्यात) कचरा असतो किंवा तो नीट बसलेला नसतो. ईआर११ कोलेट आधी नटमध्ये तिरका घालून टक् करून बसवायचा आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. सुटा कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला की तो वाकडा बसतो. मशीनबरोबर आलेला कोलेट डायलवर ठीक नसेल तर ३.१७५ चा एक चांगला कोलेट वेगळा घ्या. माझ्या मते सगळ्या खरेदीत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू ही.

धरायला टी-नट, क्लॅम्प, एक छोटी व्हाइस, आणि टेबलावर १२ मिमी एमडीएफची फळी. फळी बसवली की तिच्यावर मशीननेच एक हलका कट फिरवून घ्या, म्हणजे ती स्पिंडलच्या चालीला सपाट होते. पातळ प्लायला क्लॅम्प आडवे येतात. तिथे फळीला मास्किंग टेप, प्लायच्या पाठीला मास्किंग टेप, आणि दोन्हींच्या मध्ये फेविक्विक. छान धरतं आणि सुटतंही सहज.

कटर थोडेच, पण कार्बाइडचे. एक धारेचा ३.१७५ चार-पाच नग, २ मिमीचे एक-दोन, आणि प्लायसाठी एक डाउनकट, त्याने वरचा पापुद्रा उचलत नाही. फीडचा हिशोब सोपा आहे: आरपीएम गुणिले धारा गुणिले दर धारेचा घास. १०,००० गुणिले १ गुणिले ०.०३ म्हणजे मिनिटाला ३०० मिमी. फार हळू चालवलं तर कटर कापायच्या ऐवजी घासतो, तापतो आणि धार जाते.

आणि ताई, छातीची काळजी घ्या. एमडीएफ आणि प्लायच्या धुळीत लाकडाबरोबर चिकटवणारं रेझिनही असतं. एन९५ मास्क, गॉगल आणि कटरजवळ व्हॅक्यूमची नळी पहिल्या दिवसापासून हवी. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी-केस बांधून ठेवायचे. वीज तोडणारं लाल बटण सहज हाताला लागेल असं बसवून घ्या. घरात लहान मुलं असतील तर मशीनला खोका कराच.

दुर्बीण_सातारा
काका, खूप आभार. कड्या बसणार नाहीत हे लक्षातच आलं नव्हतं. डबा रद्द. दोन शंका आहेत. फोकसरची प्लेट ६ मिमी ॲल्युमिनियमची या मशीनवर होईल का? आणि सव्वा इंची नेत्रिका बसायचं भोक ३१.७५ चं बरोबर कसं आणायचं?

राउटर_नाशिक
मी मापासाठी जीआरबीएलमध्ये $१०० आणि $१०१ (दर मिमीला मोटरची पावलं किती, ते आकडे) बदलून घेतो, तसं करून पाहा.

टूलरूम_कोल्हापूर
नाशिककर, बेल्टच्या मशीनला ते चालतं. हे मशीन स्क्रूवर चालतं, तिथे तो आकडा स्क्रूच्या लीडवरून (एका फेऱ्यात नट किती सरकतो त्यावरून) गणितानेच ठरतो. मापात दशांश मिमी फरक आला तर बहुधा नटमधला बॅकलॅश (ढिलेपणा) असतो. तो पाहायलाही डायलच: एका दिशेने १ मिमी पुढे, १ मिमी मागे, काटा मूळ जागी येतो का बघा.

ताई, प्लेट होईल, पण दर फेरीला ०.१ ते ०.१५ मिमीच खोली घ्या, म्हणजे चाळीस ते साठ फेऱ्या धरून चला. एचई-३० जातीचं ॲल्युमिनियम मागा. भंगारातला मऊ पत्रा कटरला चिकटतो. रॉकेलचा थेंब अधूनमधून ब्रशने लावत राहा, पण त्या वेळी व्हॅक्यूम बंद, आजूबाजूला ठिणगी नको आणि खिडकी उघडी. कटर सरळ खाली घुसवू नका, गोल उतरत जाईल असा टूलपाथ द्या. खरं तर पहिली प्लेट डेलरिनची (एक कडक प्लास्टिक) करा. ते कोरडंच सुंदर कापतं आणि फोकसरला पुरेसं आहे.

भोक ३१.७५ ठेवलंत तर नेत्रिका जाणारच नाही, तिची नळीच ३१.७५ ची असते. ३१.९ धरा. आधी ३१.५ चं कापा, जॉब न सोडता व्हर्निअरने मापा. लहान मशीन दाबाखाली थोडं मागे सरतं, त्यामुळे भोक बहुधा सांगितल्यापेक्षा लहान येतं. किती लहान आलं ते शेवटच्या फेरीत वाढवून द्या. धार कानशीने मोडा, नेत्रिकेवर ओरखडे पडणार नाहीत. प्लेट झाली की मोजलेला आकडा इथे टाका, होल्डरचं मग बोलू.