संदर्भयादी हाताने लिहायची की झोटेरोवर सोपवायची?

कृष्णाकाठ (सांगली)

आपल्या सातारा-सांगलीकडे पीएचडीच्या पोरांना अजूनही काही गाईड सांगतात की संदर्भयादी स्वतः टाईप करा, झोटेरोसारखं संदर्भ साठवून यादी बनवणारं सॉफ्टवेअर नको, आणि पेपर पाठवण्याआधी ती जर्नलच्या नमुन्याशी स्वल्पविरामासकट जुळवा. माझा याला विरोध आहे. एल्सव्हिअर या प्रकाशकाची बरीच जर्नल्स पहिल्या सबमिशनला कुठलीही पद्धत चालवून घेतात, फक्त ती सगळीकडे सारखी हवी. नेमका नमुना पुढच्या फेरीत लागतो. पेपर एका ठिकाणी नाकारला गेला की दुसऱ्या जर्नलसाठी व्हँकुव्हर या क्रमांकांच्या पद्धतीचे आकडे काढून मजकुरात एपीए पद्धतीची आडनावं आणि सालं घालायची. साठ संदर्भांना हे हाताने करायचं म्हणजे दिवसच्या दिवस जातात. झोटेरोत डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये स्टाइल बदलली की तेच काम मिनिटात होतं.

दुसरं, हाताने आकडे घातले असतील आणि प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवला, तर पुढचे सगळे आकडे सरकतात. मजकुरातले आपण बदलतो, तक्त्यातला [१४] तसाच राहतो. रिव्ह्यूअर १४ उघडतो आणि भलताच पेपर निघतो.

वाईकर

सर, स्टाइल बदलते हे मान्य. पण सॉफ्टवेअर स्वल्पविराम लावतं, माहिती खरी आहे का ते बघत नाही. तासगावच्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा पेपर घ्या. गूगल स्कॉलरवरून नोंद उचलली की कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) नसतो, पानांचे आकडे गायब असतात, आणि प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हे रोगजंतूचं शास्त्रीय नाव तिरपं व्हायच्या ऐवजी सरळ छापलं जातं.

नावांचं तर विचारूच नका. आपल्या जुन्या जर्नल्समध्ये 'पाटील आर. बी.' असं आडनाव आधी छापलेलं असतं. डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि यादीत 'बी., पी. आर.' असा लेखक अवतरतो. ज्याने एकही नोंद मूळ पेपर समोर ठेवून लिहिलेली नाही, त्याला हे दिसतच नाही. म्हणून पहिल्या पंधरा नोंदी तरी हाताने लिहून घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. लेखक, साल, शीर्षक, जर्नल, खंड, अंक, पानं यांतला प्रत्येक भाग कुठून येतो ते तेव्हाच डोक्यात बसतं.

कृष्णाकाठ (सांगली)

मॅडम, तुम्ही सांगितलेल्या चुका आयातीच्या, म्हणजे नोंद सॉफ्टवेअरमध्ये घेतानाच्या आहेत आणि त्या आयातीच्या जागीच सुधारतात. स्कॉलरवरून उचलूच नका. झोटेरोत जादूच्या कांडीचं बटण आहे, त्यात डीओआय टाका. मग नोंद उघडून तीन गोष्टी बघा. शीर्षक सेन्टेन्स केसमध्ये (फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी) ठेवा, कारण सॉफ्टवेअर लहान अक्षराचं मोठं करू शकतं, मोठ्याचं लहान करताना विशेषनामं त्याला ओळखता येत नाहीत. शीर्षकावर राइट क्लिक केलं की तो पर्याय मिळतो, त्यानंतर 'सांगली', 'इंडिया' अशांची पहिली अक्षरं परत मोठी करून घ्या. शास्त्रीय नावाच्या आधी आणि नंतर एचटीएमएलचा आय टॅग घाला, म्हणजे यादीत ते तिरपं येईल. आडनाव चुकलं असेल तर आडनाव आणि नाव या दोन रकान्यांतला मजकूर अदलाबदल करा. एकदा केलं की पुढच्या प्रत्येक पेपरात ती नोंद बरोबर येते. हाताने टाईप केलेली बरोबर नोंद पुढच्या पेपरात पुन्हा चुकू शकते.

मिरज_लॅब

दोघांच्याही बोलण्यात एक धोका राहिला. वर्डमध्ये झोटेरोने तयार केलेल्या यादीत जाऊन थेट दुरुस्ती करणारे खूप आहेत. पुढचा रिफ्रेश झाला की ती दुरुस्ती पुसली जाते. बदल नेहमी लायब्ररीत करायचा. फील्ड, म्हणजे झोटेरोशी जोडलेला संदर्भ, जिवंत आहे का बघायचं असेल तर ऑल्ट आणि एफ९ दाबा, कोड दिसतील. काही जर्नल्सना साधा मजकूर लागतो, त्यासाठी झोटेरोशी जोड तोडणारा अनलिंक सायटेशन्स हा पर्याय आहे, पण ते फाइलची वेगळी प्रत काढून तिच्यावरच करा. अनलिंक केलेली फाइल परत जोडता येत नाही आणि रिव्हिजन आली की डोक्याला हात लागतो.

मेडिकलवाल्यांनी आणखी एक पाहावं. व्हँकुव्हरमध्ये फक्त तक्त्यात किंवा आकृतीत येणाऱ्या संदर्भाचा क्रमांक त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो तिथल्या क्रमाने ठरतो. तक्ते फाइलच्या शेवटी चिकटवले की सॉफ्टवेअर त्यांना शेवटचे आकडे देतं. इथे हातच लागतो. लेखकांचंही तसंच : व्हँकुव्हर घेणारी बरीच जर्नल्स सहा नावांनंतर 'एट अल' (आणि इतर) लावतात, एपीएची सातवी आवृत्ती यादीत वीसपर्यंत सगळी नावं मागते. जर्नलने स्वतःचा वेगळा नियम केला असेल तर सर्वसाधारण स्टाइल फाइल चुकीचं उत्तर देते.

वायतुरा (सातारा)

मी वाईकर मॅडमच्या बाजूने, पण कारण वेगळं. इकडच्या विषयांचे निम्मे संदर्भ डीओआयवाले नसतातच. कासच्या वनस्पतींवर लिहिताना बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा साताऱ्याचा १९वा खंड लागतो, १८८५चा. महाबळेश्वरच्या पावसाला हवामान खात्याचे आकडे लागतात. संस्थेचं नाव (इंडिया मेटिऑरॉलॉजिकल डिपार्टमेंट) आडनाव-नावाच्या दोन रकान्यांत भरलं की व्हँकुव्हरमध्ये 'डिपार्टमेंट आय. एम.' असा माणूस तयार होतो. झोटेरोत नावाशेजारच्या बटणाने रकाना एकेरी करावा लागतो. एंडनोट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थेच्या नावानंतर स्वल्पविराम टाकायचा, लाटेकवाल्यांच्या बिबटेकमध्ये नावाभोवती दुहेरी महिरपी कंस. हे कुठलंही कांडीचं बटण करत नाही.

मराठी पुस्तकाचं त्याहून अवघड. एपीएत शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, व्हँकुव्हरमध्ये नोंदीच्या शेवटी भाषेचं नाव येतं. अनेक पेपरांत नुसतं इंग्रजी भाषांतर छापलेलं असतं, आणि त्या नावाने शोधायला गेलं तर पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही. आपल्या भाषेतलं काम परक्या वाचकापर्यंत पोचायची ही एकच वाट असते, ती अशी बंद होऊ देऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली)

वायतुरा, या नोंदी हाताने भरायच्या हे मलाही मान्य, फक्त त्या लायब्ररीत भरा, वर्डमध्ये नको. पण सॉफ्टवेअर नकोच म्हणणाऱ्या गाईडना एक विचारावंसं वाटतं : मागे घेतलेला पेपर तुमच्या टाईप केलेल्या यादीत असेल तर तो कोण पकडणार? झोटेरो २०१९पासून मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती वापरून अशा नोंदीवर लाल पट्टी दाखवतं. वर्षभरापूर्वी जोडलेला संदर्भ काल मागे घेतला गेला तरी ते कळतं.

वाईकर

लाल पट्टी उपयोगाचीच आहे, ती नाकारत नाही. पण न वाचलेला पेपर दुसऱ्याच्या यादीतून उचलला, तर खंडाचा चुकलेला आकडासुद्धा तसाच पुढे जातो आणि त्यावर पट्टी येत नाही. पंधरा नोंदींचा आग्रह मी सोडणार नाही. बाकीच्यांसाठी निदान एवढं करा : पूर्ण यादी क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या साइटवरच्या सिंपल टेक्स्ट क्वेरीत चिकटवा. ज्यांना डीओआय सापडतो त्यांच्या लिंक उघडून साल आणि पहिला लेखक जुळतो का बघा. डीओआय कॉपी करताना वाक्याचा पूर्णविराम सोबत आला की लिंक तुटते, तो काढा. जिथे डीओआय सापडत नाही त्या नोंदींची वेगळी यादी करा. त्यांत जुने खंड, गॅझेटियर आणि मराठी पुस्तकं असतील. २०१५नंतरचा पेपर त्यात दिसला तर शीर्षक किंवा जर्नलचं नाव चुकलंय का ते आधी तपासा, आणि मूळ प्रत मिळाल्याशिवाय तो संदर्भ ठेवू नका.