अनुभव धागा : आपल्या गावातले ज्येष्ठांचे कट्टे, संघ, भजनी मंडळं

आमचं गाव कागल तालुक्यात. तरणी पोरं पुण्याला, नाहीतर एमआयडीसीत शिफ्टला. घरात दिवसभर म्हातारं माणूस आणि टीव्ही. गावात ज्येष्ठांचा संघ काढायचं चाललंय. तुमच्याकडं असं काही असेल तर सविस्तर लिहा. काय टिकलं, काय बंद पडलं, दोन्ही सांगा.

निवृत्त शिक्षक, भुदरगड
आधी वेळ ठरवा. शहरातले संघ संध्याकाळी भरतात, पण खेड्यात ती धारांची वेळ. डेअरीला दूध घातल्याशिवाय कुणी मोकळं होत नाही, आणि सत्तरीतला माणूसही घरची एखादी म्हैस सांभाळतोच. आम्ही सकाळी अकराला तालमीच्या कट्ट्यावर बसतो. एकानं पेपर मोठ्यानं वाचायचा, कारण बऱ्याच जणांना मोतीबिंदू. ऊसदराची बातमी आली की वाचणाऱ्याला थांबवून वाद सुरू. माणसं त्या वादासाठीच येतात, असं माझं ठाम मत आहे.

२०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी मोफत झाली, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. तेव्हापासून आदमापूर, नृसिंहवाडी अशा सहली निघतात. भाकरी, झुणका, खर्डा घरून. ज्याला एकट्याला बसमध्ये चढायची भीती, तोही चौघांबरोबर येतो.

सूनबाई, पन्हाळा
वरचं सगळं पुरुषांचं झालं. आमच्या सासूबाई जन्मात कट्ट्यावर बसल्या नाहीत आणि बसणारही नाहीत. बायकांसाठी वेगळा विचार करा, हे मी कळकळीनं सांगते.

आमच्या गल्लीत दुपारी वाकळ शिवायला बसतात. जुनी लुगडी, धोतरं सोप्यात अंथरायची, चारी कोपऱ्यांवर चौघी, आणि टाके घालत मधे यायचं. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना शाळेतनं आलेली नात ओवून देते. एकीचा मालक गेला तेव्हा ती दोन-तीन महिने घराबाहेर पडेना. तिला कुणी समजवायला गेलं नाही. वाकळच उचलून तिच्या सोप्यात नेली. पहिल्या दिवशी ती नुसती बघत बसली. पुढं एक दिवस म्हणाली, "आक्का, तुझा टाका लांब पडतोय, सर बाजूला." तिथनं पुढं रोज यायला लागली.

संघाच्या कागदावर हे कुठंच नाही, पण माझ्या मते गावातला सगळ्यात चांगला संघ हाच.

शिरोळ तालुका
२०१९ च्या महापुरात आमचं गाव पाण्यात होतं. त्या वेळी भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना जी माहिती होती ती कुणाकडंच नव्हती : कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाची साखरेची गोळी चुकता कामा नये, कुणाला ऐकू येत नाही. रोज एकमेकांच्या सोबत असल्यानं ते तोंडपाठ होतं. ती माणसं नावेत सगळ्यात आधी बसवली. आता दर पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ तशी यादी वहीत लिहून काढतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा वही कामाला आली.

गगनबावडा
आमच्याकडं पावसाळ्यात कुणी बाहेरच पडू शकत नाही. तेवढे महिने फोनवर चौकशी, भेटी दिवाळीनंतर.

हातकणंगले
आमच्याकडं ज्येष्ठांसाठी खोली बांधली. किल्ली एका पदाधिकाऱ्याकडं, आणि ते गावात नसतात. कुलूप उघडायची वाट बघून बघून माणसं देवळात बसायला लागली. खोलीपेक्षा किल्ली कुणाकडं, ते आधी ठरवा.

निवृत्त शिक्षक, पुन्हा
कागलकर, संस्था म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात. पण त्याची घाई नको. आधी दोन-तीन महिने नुसतं बसा. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा सगळ्यांना एकदमच बँकेत न्या. सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून द्या. कामं व्हायला लागली की माणसं आपसूक येतील, आणि सात जणांत त्या वाकळवाल्या बायकांपैकी दोघी तरी घ्या.