खाडीत सोडायचं सांडपाणी माशांवर कशाला तपासायचं?

खाडीकाठचा:
आपल्याकडे कारखान्याच्या सांडपाण्याला माशांची परीक्षा असते. पातळ न केलेल्या सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे, ९० टक्के जगले तर पास. निदान खाडीत जाणाऱ्या पाण्यासाठी तरी मासे मारणं थांबवा. आर्टेमिया घ्या, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव; कोळंबीच्या हॅचरीत त्याची सुकी अंडी डब्यातून येतात. किंवा कालवाची अळी: ४८ तासांत इंग्रजी डी अक्षरासारखं शिंपलं नीट धरलं का, एवढंच सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

अणुरेणू:
मिठागरात तग धरणाऱ्या आर्टेमियाला विचारणार, पाणी बरं आहे का म्हणून? अमेरिकेत सिएटलकडचे कोहो सामन मासे आठवा. पाऊस पडला की ओढ्यात अंडी घालायला आलेले मासे पटापट मरायचे. कारण २०२० मध्ये कळलं: टायरमधल्या सिक्सपीपीडी या रसायनापासून बनणारं क्विनोन. लिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा लागत नाही. डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातली पाणपिसू, त्यात मजेत जगते. बिनकण्याच्या जिवावर विसंबला असतात तर ते पाणी पास!

खाडीकाठचा:
झेब्राफिश आणि मेडाकाही जगतात त्यात, साहेब. प्रयोगशाळेतले नेहमीचे मासे तेच ना? कोहोचा सख्खा भाऊबंद चम सामनही तगतो. म्हणजे तुमची परीक्षाही नापास.
उलट बोटींच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन हे विष बघा. फ्रान्समध्ये आर्काशों खाडीतल्या कालवांची पैदास बसली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटू लागलं, तेही लिटरला काही नॅनोग्रॅममध्ये. एवढ्याशा मात्रेत ९६ तासांत मासा मरत नाही. १९८२ मध्ये फ्रान्सने छोट्या बोटींवर तो रंग बंद केला तो कालवांमुळे.

तिखटमीठ:
कणा नाही म्हणून वेदना नाही, हे कोणी ठरवलं? ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनांविषयीच्या २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंड, ऑक्टोपस घेतलेत.

खाडीकाठचा:
शेवंड कोण मारतंय? दोन दिवसांची अळी आहे ती. (आणि शेवंड खाताना हा प्रश्न पडतो का?)

अणुरेणू:
बरं, कालव मान्य, आर्टेमिया नाही. पण सांडपाणी बहुधा गोडं असतं, अळी नुसत्या गोड्या पाण्यानेच मरेल. मीठ घालून क्षारता जुळवलीत तर मिठातलं क्लोराइड कॅडमियम या विषारी धातूला बांधून ठेवतं, विष सौम्य दिसतं. कारखानदाराला तेच हवंय.

खाडीकाठचा:
कॅडमियमचं खरं आहे. पण राव, ते पाणी खाडीत गेल्यावरही खाऱ्या पाण्यातच मिसळणार ना?