अनुभव धागा: व्हांगानुई नदीवर कॅनूत तुम्ही पुढे बसलात की मागे?

न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीतून गाईडबरोबर कॅनूने, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद लांब होडीने, उतरलेले आपल्यात बरेच जण निघाले. कुणी तौमारुनुईहून पाच दिवसांत 145 किलोमीटर केले, कुणी व्हाकाहोरोहून तीन दिवसांत 87. पिपिरिकीला मात्र सगळेच उतरलो. फोटो सगळ्यांचे सारखेच येतात: दोन्हीकडे उभे हिरवे कडे, नेचे, जागोजागी धबधबे. मला ऐकायचंय ते कॅनूतलं. मध्ये सामानाची पिंपं, एक माणूस पुढे, एक मागे. तुमच्याबरोबर कोण होतं आणि काय झालं, ते लिहा. सुरुवात मी करते.

मी पुढे होते, नवरा मागे. पहिला तासभर कॅनू नुसती या काठावरून त्या काठावर. "डावीकडे मार", "डावीकडेच मारतेय", हेच चाललं होतं. आमची गाईड माओरी होती, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, शांत बाई. तिने गोट्यांच्या एका पुळणीवर कॅनू लावायला सांगितली आणि आमच्या जागा बदलल्या. दिशा मागच्याच्या हातात असते. पुढच्याकडे जोर आणि डोळे, एवढंच म्हणाली. मग माझा हात धरून दाखवलं: वल्हं मागे आलं की अंगठा खाली वळवायचा आणि पातं कॅनूपासून थोडं बाहेर ढकलायचं. तेवढ्याने नाक सरळ राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडून आपोआप व्हायला लागलं. संसाराला सत्तावीस वर्षं झाली, पण नवऱ्याची पाठ सलग इतका वेळ मी कधी पाहिली नव्हती. तो दमला की उजवा खांदा आधी पडतो, हे मला त्या नदीवर कळलं. मग न सांगता मी वेग कमी करायचे.

मुलाबरोबर गेलेली आई, वय 61

ताई, मी तिन्ही दिवस पुढेच. आम्ही उलटलो, आणि तेही शेवटच्या दिवशी. त्या टप्प्यातच औतापू आणि नगापोरो हे मोठे खळाळ आहेत. गाईडने आधी सगळं समजावलं होतं. गुळगुळीत पाण्याचा बाण प्रवाहाच्या दिशेने टोक करून दिसला की त्यात शिरायचं. टोक आपल्याकडे असेल तर तिथे खाली दगड. आणि खळाळात वल्हं थांबवायचं नाही, कारण पाण्याइतक्याच वेगाने वाहत गेलं तर कॅनू वळत नाही. मी नेमकी तिथेच घाबरून थांबले. कॅनू आडवी झाली, दगडाला टेकली आणि आम्ही दोघं दगडापासून लांब झुकलो. झुकायचं असतं दगडाकडे. पाणी आत आलं ते कळलंच नाही, एकदम थंडगार अंधार. वर आले तेव्हा पहिला आवाज ऐकला, "आई, पाय वर!" पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर, म्हणजे ते दगडांत अडकत नाहीत. मुलाने एका हाताने कॅनू धरली होती आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहिला होता, म्हणजे ती आपल्याला दगडावर चेपत नाही. गाईडने लाइफ जॅकेटच्या खांद्याला धरून मला ओढलं. चष्मा गेला. पिंपातले कपडे मात्र कोरडे होते. लहानपणी मी त्याला हौदात पोहायला शिकवताना हेच ओरडायचे, "पाय वर!"

दोनदा जाऊन आलेला

काकू, चष्म्याला दोरी हवीच. बाकी थोडक्यात. पाण्यावरचे कपडे वेगळे, मुक्कामाचे वेगळे. सकाळी ओलेच पुन्हा चढवायचे, कितीही जिवावर आलं तरी. पिंपाचं झाकण लावल्यावर पिंप उलटं करून बघा. सॅंडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, पाय झाका. कचरा सगळा आपल्याबरोबर परत.

मैत्रिणीबरोबर, मागे बसलेली

आमची आठवण रात्रीची आहे. दुसऱ्या मुक्कामी संध्याकाळी पाऊस लागला. नदी उगम पावते टोंगारिरोच्या डोंगरावर, त्यामुळे आपल्याकडे भुरभुर असली तरी वर काय पडतंय ते दिसत नाही. गाईडने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. जेवून आलो तर काठीभोवती पाणी, तासाभराने काठीच नाही. टॉर्च लावून आम्ही सगळ्यांनी कॅनू आणखी वर उचलून झाडांना बांधल्या. सकाळी नदी गढूळ, लाकडं वाहत होती. गाईड निघू देईना. आमच्यातले काही चिडले, पुढची बस ठरलेली होती. मला त्यांचं अजिबात पटलं नाही. ज्याला नदी वाचता येते त्याने थांब म्हटलं की थांबावं. दुपारी पाणी उतरलं, निघालो.

एकटा गेलो होतो

पुढे एक अनोळखी गृहस्थ, मागे मी. निघण्याआधी गाईडने काठावर माओरीत प्रार्थना म्हटली. इथले लोक या नदीला पूर्वज मानतात, आणि 2017च्या कायद्याने तिला व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली. "मी नदी आहे, नदी मी आहे" अशी त्यांची म्हण. आजी नर्मदेला मैया म्हणून हात जोडायची, तेव्हा मला ती नुसती श्रद्धा वाटायची. टिएके काइंगाला मुक्काम केला. ती राहायची झोपडी आहे आणि माओरींचं माराएही, म्हणजे त्यांची एकत्र जमायची जागा. तिथे आमचं रीतीने स्वागत झालं, तेव्हा आम्ही दोघं तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळं बोललो.

वडिलांबरोबर

बाबा सैन्यातून निवृत्त झालेत. गुडघ्यामुळे त्यांना पुढे बसवलं आणि ते गप्प होते. मांगापुरुआच्या धक्क्याला कॅनू बांधून चाळीसेक मिनिटं चालत 'ब्रिज टू नोव्हेअर'ला, म्हणजे कुठेच न नेणाऱ्या पुलाला, गेलो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या. त्यांनी जंगल तोडलं, घरं बांधली. काँक्रीटचा पूल 1936 साली झाला, तोवर बरीच कुटुंबं निघून गेली होती. 1942 साली उरलेलीही गेली. आता पुलाच्या दोन्ही टोकांना रान आहे. बाबा कठड्याला हात लावून बराच वेळ उभे होते. "जमीन दिली, वाट वेळेवर दिली नाही," एवढंच बोलले. परत धक्क्यावर आलो तर ते पुढच्या जागेशी थांबलेच नाहीत. गुडघा दाबत मागे जाऊन बसले आणि वल्हं मागितलं.