वडिलांचं कुलमुखत्यारपत्र आत्ताच करून ठेवू का?

सुमेध_सांगली:
अण्णा ७८ वर्षांचे. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात, पण परवा दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. घर त्यांच्या नावावर, एफडी दोन बँकांत. धाकटा भाऊ म्हणतो, तुझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) रजिस्टर करून टाक, म्हणजे पुढे त्यांना काही उमगेनासं झालं तरी अडायचं नाही. तेवढ्यावर भागेल ना?

रानवारा:
भागेल की. आमच्या मामांनी तेच केलंय. दुय्यम निबंधकाकडे एक चक्कर, काम फत्ते.

विजया_मिरज:
मामा धडधाकट आहेत म्हणून चाललंय, रानवारा.

सुमेध, मी बँकेतून निवृत्त झाले, निम्मी नोकरी काउंटरवर. मुखत्यारपत्र छान लॅमिनेट करून मुलं यायची आणि म्हणायची, "बाबांना आता काही कळत नाही, म्हणून मी आलोय." झालं! १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघा. मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं, की मुखत्यारी संपली. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो रद्दी. रजिस्टर केलेला असला तरी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी, बहुतेक वेळा थेट हायकोर्टाची.

त्यापेक्षा अण्णांना कळतंय तोवर खात्यांवर आईचं किंवा तुमचं नाव जोडा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा, किंवा मागे राहील तो, खातं चालवू शकतो. एफडीवरही तेच लिहून घ्या, आणि मुदतीआधी एकाच्या सहीने मोडता येईल अशी दोघांची लेखी संमती आजच देऊन ठेवा. ती नसेल तर ऐन हॉस्पिटलच्या बिलाच्या वेळी दुसरी सही मागतात.

मृत्युपत्र वेगळं. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार मात्र दोन हवेत. तुमच्या बाबतीत निदान झालेलं आहे, तेव्हा नोंदणी कराच, आणि 'सारासार विचार करू शकतात' असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच तारखेचं घ्या. भांडणं तिथूनच सुरू होतात. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे धाकट्यालाही सांगा.

सुमेध_सांगली:
बरं झालं विचारलं. ताई, अजून एक. अण्णा सारखे म्हणतात, मला नळ्या लावून ठेवू नका. घरात सगळ्यांना माहीत आहे.

विजया_मिरज:
आयसीयूच्या दारात तोंडी काही टिकत नाही हो. परदेशातल्या लेकीचा फोन येतो, "काय वाट्टेल ते करा", आणि सगळे गप्प.

लिव्हिंग विल करा, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कुणी फिरकायचं नाही. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. अण्णांच्या वतीने कोण बोलणार, त्याचं नाव त्यात घाला. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तरी उपचार थांबवायचे का, हे डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. कागद दाखवला की लगेच नळ्या काढतात असं नाही.

रानवारा:
मामांना आजच फोन करतो.

सुमेध_सांगली:
सुरुवात कशापासून करू?

विजया_मिरज:
डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटपासून. सकाळची घ्या, दुपारनंतर स्मृतिभ्रंशाची माणसं गोंधळतात. आणि सर्टिफिकेट हातात आलं की त्याच दिवशी निबंधकाकडे.