कथिल ऑक्साइडच्या आधारावरील प्लॅटिनम: इंकमध्ये कार्बन मिसळावा का?

अनघा, ऐरोली

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात पीएच.डी.साठी हायड्रोजन इंधन घटाच्या कॅथोडवर काम करते. प्लॅटिनमच्या नॅनोकणांना आधार म्हणून नेहमीच्या कार्बन ब्लॅकऐवजी अँटिमनी मिसळलेले कथिल ऑक्साइड वापरते आहे. कार्बन ०.२०७ व्होल्टच्या वर कधीही कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलू शकतो. ही क्रिया फार सावकाश होते म्हणूनच तो एरवी टिकून राहतो, हे वाचल्यापासून या विषयाने मला धरून ठेवले आहे.

माझ्या भुकटीचे पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे ४० चौरस मीटर आहे आणि तिच्यावर वजनाने २० टक्के प्लॅटिनम चढवले आहे. १.० ते १.५ व्होल्टच्या आवर्तनांत ते व्हल्कन या नेहमीच्या कार्बन ब्लॅकवरील प्लॅटिनमपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकते; मात्र ०.९ व्होल्टला मिळणारा सुरुवातीचा प्रवाह निम्म्याहून कमी भरतो. इंकमध्ये, म्हणजे भुकटी द्रवात कालवून इलेक्ट्रोडवर लावतात त्या मिश्रणात, वाहकता वाढावी म्हणून थोडा कार्बन ब्लॅक मिसळावा, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. ज्या कार्बनपासून सुटका हवी म्हणून हे काम हाती घेतले, तोच परत आणणे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

रबाळे_प्रयोगशाळा

अनघाताई, कार्बनच्या प्रश्नाआधी तुमच्या २० टक्क्यांकडे पाहावे लागेल, कारण माझ्या मते मुख्य अडचण तिथे आहे. २० टक्के म्हणजे एक ग्रॅम आधारावर पाव ग्रॅम प्लॅटिनम. व्हल्कनचे पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर असल्याने त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १ मिलिग्रॅम प्लॅटिनम येते. तुमच्या भुकटीवर तेच ६ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. इतक्या दाटीत कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि आतले अणू निरुपयोगी ठरतात. म्हणजे जो प्रवाह तुम्ही ऑक्साइडच्या नावावर कमी मांडत आहात, त्यातला बराचसा केवळ या दाटीमुळे कमी झालेला असू शकतो. ५ टक्के प्लॅटिनमचा नमुना करून पाहा. त्यात दर चौरस मीटरला सुमारे १.३ मिलिग्रॅम येईल आणि तुलना न्याय्य होईल. तेवढ्याच प्लॅटिनमसाठी आधार पावणेपाच पट लागेल हे खरे, पण कथिल ऑक्साइडची घनता जवळपास ७ आणि कार्बनची सुमारे २ असल्यामुळे सच्छिद्रता सारखी धरल्यास थराची जाडी दीडपटीच्या आतच राहते.

आता कार्बन. निदानापुरता तो जरूर मिसळा. एकाच भुकटीच्या दोन इंक करा, एक कार्बनसह आणि एक कार्बनविना. कार्बनमुळे प्रवाह लक्षणीय वाढला, तर दोष वाहकतेचा आहे. फारसा वाढला नाही, तर दोष प्लॅटिनमच्या कणांत शोधावा. टिकाऊपणाच्या चाचणीत मात्र कार्बन अजिबात नको, या बाबतीत तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मिसळलेला कार्बन १.५ व्होल्टला झिजतो, ऑक्साइडच्या कणांना जोडणारी वाट तुटते, आणि पडलेल्या प्रवाहाचा ठपका विनाकारण ऑक्साइडवर येतो.

वाहकता थेट मोजणे सर्वांत चांगले. भुकटी दाबून गोळी करा आणि चार टोकांच्या पद्धतीने रोध घ्या. त्याआधी रंगही पाहा: अँटिमनी ऑक्साइडच्या स्फटिकजाळीत नीट बसले असेल, तर पांढरी भुकटी निळसर राखाडी होते. शिवाय इलेक्ट्रोडवर वाळलेला थेंब भिंगाखाली तपासा. ऑक्साइडचे जड कण कडेला जमून वलय तयार होते आणि मध्यभागी खालचा काच-कार्बनचा इलेक्ट्रोड उघडा राहतो. अशा थरावरून काढलेल्या आकड्यांवर विसंबू नये. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ही भुकटी बरेच पाणी धरते, तेव्हा ११० अंशांवर वाळवून लगेच वजन करावे.

निवृत्त प्राध्यापक, ठाणे

प्लॅटिनमचे क्षपण कोणत्या तापमानाला केले, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ऑक्साइडच्या बाबतीत तोच कळीचा मुद्दा आहे. टाउस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले की टायटॅनियम डायऑक्साइडवरील प्लॅटिनम ५०० अंशांवर हायड्रोजनमध्ये तापवले, की त्याची हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड धरण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. कण मोठे झालेले नसतात. आधाराचाच क्षपित पातळ थर त्यांच्यावर चढतो, हे पुढे स्पष्ट झाले. कथिल तर त्याहून लवकर क्षपित होते आणि प्लॅटिनमशी मिश्रधातू बनवते. म्हणून गरम हायड्रोजनऐवजी द्रावणातच सौम्य क्षपण करावे, असे मी सुचवेन.

अनघा, ऐरोली

सर, हायड्रोजनमध्ये ३०० अंशांवर केले होते. सक्रिय पृष्ठफळ हायड्रोजनच्या शिखरावरून, दर चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकुलोम धरून काढले आहे. ते विश्वासार्ह मानावे का?

महापे_घटजोडणी

एकट्या त्या आकड्यावर अवलंबून राहू नका. दमट ऑक्साइडचा स्वतःचा धारिता-प्रवाह त्यात मिसळतो. टंगस्टन ऑक्साइडमध्ये तर हायड्रोजन आधारातच शिरतो आणि पृष्ठफळ फुगलेले दिसते. कार्बन मोनॉक्साइड चढवून त्याचे ऑक्सिडीकरण मोजा, तिथे ४२० मायक्रोकुलोम धरतात. ते शिखर नेहमीपेक्षा कमी विभवाला आले, तर प्लॅटिनमला कथिलाचा जवळचा शेजार लाभला आहे असे समजावे. ३०० अंशांचा इतिहास पाहता मला तीच शक्यता अधिक वाटते.

पुढे घट जोडाल तेव्हाची एक गोष्ट आताच सांगतो. आयनोमरचे (थरात प्रोटॉन वाहून नेणाऱ्या बहुवारिकाचे) प्रमाण कार्बनच्या वजनावरून ठरवण्याची सवय इथे घातक ठरते. कार्बनला वजनाच्या ०.८ पट आयनोमर चालत असेल, तर तेवढ्याच आकारमानाच्या कथिल ऑक्साइडला घनतेच्या हिशेबाने ०.२३ पटच पुरतो. जुन्याच प्रमाणाने दिला, तर छिद्रे बुजतात आणि ऑक्सिजन प्लॅटिनमपर्यंत पोहोचत नाही.

सुरुवातीचा प्रवाह थोडा कमी राहिला तरी हे काम सोडू नका. घट बंद असताना ॲनोडमध्ये हवा शिरते, आणि पुन्हा हायड्रोजन सोडला की हवा व हायड्रोजन यांची सीमा पुढे सरकत असताना कॅथोडचा विभव १.५ व्होल्टच्या आसपास जातो. दिवसातून अनेकदा चालू-बंद होणाऱ्या घटात कार्बनचा आधार नेमका याच क्षणांत झिजतो. तुमच्या नमुन्याची चाचणी याच परिस्थितीत घ्या, आणि ५ टक्क्यांच्या नमुन्याचे आकडे हाती आले की इथे जरूर लिहा.